डोक्यावरून जाणारा रिपीटर आणि पाच चॅनेल: साताऱ्यातलं एक प्रकरण

तक्रार अशी होती: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हॅम (हौशी रेडिओचा) रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रक्षेपित करणारा सेट, ऐकू येतो, पण आपला कॉल काही केल्या तिथून परत येत नाही, आणि स्थानक ऐन डोक्यावर आलं की ऐकूही धड येत नाही. तक्रारदार म्हणजे साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक. आयुष्यभर बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर परीक्षा देऊन परवाना काढला. इथे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणू.

आधी रिपीटरविषयी थोडं, कारण पुढचं सगळं त्याच्या आकड्यांवर उभं आहे. स्थानकाच्या कोलंबस मॉड्यूलमध्ये केनवुडचा टीएम-डी710जीए हा सेट आहे आणि सप्टेंबर 2020 पासून तो क्रॉसबँड रिपीटर म्हणून चालवला जातो. आपण 145.990 मेगाहर्ट्झवर बोलायचं, सोबत 67 हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडणारी खूण) पाठवायचा. तो ते उचलून 437.800 वर परत सोडतो. अंतराळवीरांच्या शाळांशी गप्पा, स्पेसवॉक, यानाची जोडणी अशा वेळी तो बंद असतो किंवा दुसऱ्या कामाला लावलेला असतो. म्हणून ‘कॉल लागत नाही’ म्हटलं की पहिला प्रश्न ‘रिपीटर चालू होता का’ हाच. सरांच्या बाबतीत तो चालू होता. बाकीच्यांच्या गप्पा त्यांना ऐकू येत होत्या.

सामान साधं होतं. पाच वॅटचा दोन बँडचा चिनी हँडसेट, आणि इलेक्ट्रिशियनच्या पीव्हीसी पाइपवर पितळी सळ्या बसवून घरी केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना: दोन मीटरसाठी (145 चा बँड) तीन सळ्या, सत्तर सेंटिमीटरसाठी (437 चा बँड) काटकोनात पाच. दोन्ही बाजू एकाच केबलवर आणायला मध्ये एक डायप्लेक्सर. काम नीटनेटकं होतं, एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचं माप) दोन्ही बँडवर चांगला. तरीही मी पोचलो तोवर सरांनी केबल बदलली होती, कनेक्टर नवे लावले होते आणि तयार विकत मिळणाऱ्या अँटेनाची चौकशी सुरू केली होती. काही बिघडलं की आधी अँटेनावर संशय घ्यायचा, हा हॅम मंडळींचा जुना आजार आहे. बऱ्याचदा तो खराही ठरतो, म्हणून जात नाही.

सरांचं निदान तर्काला धरून होतं. स्थानक डोक्यावर आलं की यागी आकाशात सरळ वर धरावी लागते, हात थरथरतो, नेम चुकतो. शिवाय स्थानकावरच्या अँटेनाचा खालच्या बाजूचा पॅटर्न आपल्याला कुठे माहीत आहे? शक्य आहे. पण नशिबाने सर प्रत्येक पास (स्थानकाची आपल्या आकाशातली एक फेरी) मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवत होते. गच्चीवर जाण्याआधी आम्ही चहा घेत ते रेकॉर्डिंग ऐकलं, शेजारी त्या पासच्या अंदाजित वेळा ठेवून.

पास जवळजवळ माथ्यावरून जाणारा होता, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. क्षितिज ते क्षितिज साधारण अकरा मिनिटं. पहिली दोन मिनिटं नुसती खरखर, कारण सरांच्या घराला त्या दिशेला अजिंक्यताऱ्याचा डोंगर आडवा येतो. स्थानक दहा-अकरा अंश वर येईतो काही ऐकू येणं शक्यच नाही. मग आवाज येतो. किंचित चिरका, पण कळतो. आणि मग साडेचार मिनिटांच्या जरा आधी हँडसेटचा बीप ऐकू येतो, चॅनेल बदलल्याचा, आणि पुढच्याच अक्षराला समोरच्याचा आवाज फाटतो.

मी ते दोनदा वाजवून दाखवलं.

“सर, अँटेनाचा नेम चुकला तर आवाज हळूहळू जाईल. हा बीपसरशी गेलाय.”

सर म्हणाले, “परत लावा.”

त्याच रेकॉर्डिंगमध्ये याहून बोलका पुरावा पुढे होता. फाटलेला आवाज साधारण पाच मिनिटांच्या पुढे सुधारत जातो, साडेपाचच्या आसपास अर्धा मिनिट अगदी स्वच्छ होतो, आणि पुन्हा फाटतो. साडेपाच मिनिटं म्हणजे स्थानक बरोबर माथ्यावर. अँटेनाची तक्रार खरी असती तर हाच क्षण सगळ्यात वाईट हवा होता. तो सगळ्यात चांगला होता.

आणखी एक फरक कानाला कळतो. सिग्नल अशक्त झाला की एफएमवर खरखर वाढते, शब्दांच्या मागून फेस आल्यासारखा आवाज येतो, आणि ध्रुवीकरणाचा (लहरींच्या उभ्या-आडव्या दिशेचा) प्रश्न असेल तर यागी मनगटात नव्वद अंश फिरवली की परत येतो. फ्रिक्वेन्सी सरकलेली असली की खरखर फारशी नसते. शब्दांचे जोरकस भाग तुटतात, हळू बोललेलं कळतं आणि मोठ्याने बोललेलं फुटतं. सरांच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा प्रकार होता.

मग आम्ही चॅनेल पाहिले. सरांनी पाच चॅनेल भरले होते: 437.810, 437.805, 437.800, 437.795, 437.790. हे बरोबरच आहे. स्थानक सुमारे 420 किलोमीटर उंचीवरून सेकंदाला 7.66 किलोमीटर वेगाने जातं. क्षितिजावर असताना त्यातला जवळजवळ सात किलोमीटरचा वेग सरळ आपल्या दिशेने असतो. त्यामुळे 437.800 चा सिग्नल येताना 10 किलोहर्ट्झ वर आणि जाताना 10 किलोहर्ट्झ खाली ऐकू येतो. हँडसेटची पायरी पाच किलोहर्ट्झची, म्हणून पाच चॅनेल. डॉप्लर परिणाम सरांनी कित्येक पिढ्यांना शिकवलाय, त्यामुळे हे आकडे त्यांनी कुठून उतरवलेले नव्हते, स्वतः काढले होते.

चूक वाटणीत होती. अकरा मिनिटं, पाच चॅनेल. प्रत्येकाला दोन मिनिटं बारा सेकंद. टायमर लावून ते शिस्तीत चॅनेल बदलत होते.

डॉप्लरची सरक समान गतीने होत नाही. स्थानक लांब असताना ते जवळजवळ सरळ आपल्याकडे येत असतं, त्यामुळे कितीतरी वेळ सरक तशीच राहते. माथ्यावरच्या पासचं गणित मांडलं तर दोन मिनिटं बारा सेकंदांनी, म्हणजे सर दुसऱ्या चॅनेलवर जात तेव्हा, सिग्नल अजून 437.8098 वर आहे. म्हणजे पहिल्याच चॅनेलवर. त्यांनी तो चॅनेल सोडला आणि स्वतःहून पावणेपाच किलोहर्ट्झची चूक ओढवून घेतली. चार मिनिटं चोवीस सेकंदांनी ते 437.800 वर गेले तेव्हा सिग्नल 437.8075 वर होता. साडेसात किलोहर्ट्झ चूक, बीपसरशी. मग पुढच्या मिनिटात सिग्नल धावत खाली आला, मध्याला 437.800 ला भेटला (तो स्वच्छ अर्धा मिनिट हाच) आणि तेवढ्याच वेगाने खाली निघून गेला. मध्याजवळ सरक सेकंदाला सुमारे 180 हर्ट्झ असते. अकरा मिनिटांच्या पासमध्ये मधले तिन्ही चॅनेल मिळून जेमतेम दोन मिनिटांत संपतात; उरलेली नऊ मिनिटं पहिल्या आणि शेवटच्या चॅनेलची.

सर कागदावर आकडे मांडत होते. मग म्हणाले, “आगगाडीच्या शिट्टीचं उदाहरण मी दर वर्षी द्यायचो. रुळाला लागून उभा असलेल्याला सूर एकदम पडल्यासारखा वाटतो आणि लांब शेतात उभा असलेल्याला हळूहळू उतरतो, हे पोरांना सांगायचो. इथे मी रुळावरच उभा आहे की.”

खरं तर सगळं उत्तर त्यातच होतं, आणि पुढचा भागही: रुळापासून लांब असाल तर हिशेब बदलतो. क्षितिजापासून पंचवीस अंशांपर्यंतच चढणारा पास घेतला तर स्थानक मध्यालाही जवळजवळ 900 किलोमीटरवर असतं आणि मधले चॅनेल दुपटीहून जास्त वेळ टिकतात. म्हणून एकच वेळापत्रक सगळ्या पासना चालत नाही. सरांनी दोन कार्डं केली. वेळा क्षितिजापासून न मोजता सर्वोच्च बिंदूपासून मोजल्या, कारण अंदाजित वेळांमध्ये तो क्षण सगळ्यात नेमका मिळतो आणि डोंगरामुळे सिग्नल कधी सुरू झाला याच्याशी त्याचा संबंध नसतो.

माथ्यावरचा पास: मध्याला एक मिनिट उरेपर्यंत 437.810, मग पंधरा सेकंद उरेपर्यंत 437.805, मध्याच्या अलीकडे-पलीकडे पंधरा-पंधरा सेकंद 437.800; नंतर एक मिनिट होईपर्यंत 437.795, पुढे शेवटपर्यंत 437.790.

पंचवीस अंशांचा पास: एक मिनिटाच्या जागी सव्वादोन मिनिटं, पंधरा सेकंदांच्या जागी अर्धा मिनिट. बाकी तसंच.

मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून लावलेलं हवं आणि कक्षेची माहिती ताजी हवी. स्थानकाची कक्षा मधूनमधून उचलतात. महिन्यापूर्वी उतरवलेले आकडे वापरले तर पंधरा सेकंदांचा चॅनेल सापडणार नाही.

ऐकण्याचा प्रश्न एवढ्यावर बराचसा सुटला. बराचसा म्हणतो, कारण आणखी एक गोष्ट निघाली: पाचही चॅनेल नॅरोवर, म्हणजे अरुंद पट्ट्यावर, होते. कुणीतरी दिलेली प्रोग्रामिंग फाइल सरांनी आधी चढवली होती, तिच्यातली सेटिंग नव्या चॅनेलना चिकटून आली. नॅरोवर रिसीव्हरची खिडकी लहान होते, म्हणजे पाच किलोहर्ट्झची चूक जास्त बोचते, आणि आपला आवाजही तिकडे बारीक पोचतो. वाइडवर असते तर सरांना एवढा त्रास झालाही नसता, आणि मूळ चूक आणखी बरेच दिवस लपून राहिली असती.

आता कॉल का लागत नव्हता ते.

पाच वॅट पुरत नाहीत, अशी सरांची दुसरी शंका होती. शंका वाजवी आहे. स्थानक क्षितिजावर असताना अंतर 2300 किलोमीटरच्या वर, माथ्यावर 420. दोन्हींत पंधरा डेसिबलचा फरक पडतो. पण पाच वॅट आणि हातातली यागी घेऊन लोक हा रिपीटर रोज उघडतात. साडेतीन किलोहर्ट्झची अपलिंकची (वर जाणाऱ्या सिग्नलची) सरकही दोष द्यायला अपुरी आहे. 145.990 वर डॉप्लर 437.800 च्या एक तृतीयांश. तिकडचा एफएम रिसीव्हर तेवढं सहज खपवून घेतो, म्हणून पाचही चॅनेलमध्ये बोलण्याची फ्रिक्वेन्सी 145.990 च ठेवली तरी चालतं. (एसएसबी या वेगळ्या प्रक्षेपण पद्धतीवर चाललं नसतं. 2005 साली पीएसएलव्ही-सी6 मधून गेलेल्या आपल्या हॅमसॅट उपग्रहावर ज्यांनी काम केलंय त्यांना एका हातात माइक आणि दुसऱ्या हाताने सतत नॉब फिरवणं आठवत असेल. एफएम फार क्षमाशील आहे, आणि म्हणूनच त्यातल्या चुका उशिरा कळतात.)

तेव्हा टोन. 67 हर्ट्झचा टोन कानाला ऐकू येत नाही आणि पडद्यावर ‘सीटी’ ही दोन अक्षरं दिसली की आपण निर्धास्त होतो. ती अक्षरं टोन चालू आहे एवढंच सांगतात. कोणता टोन आहे, आणि तो पाठवायचा आहे की ऐकताना तपासायचा आहे, हे त्यावरून कळतंच असं नाही. मी माझा हँडसेट 145.990 वर लावला आणि त्याला उलटी अट घातली: 67.0 चा टोन आला तरच स्क्वेल्च (आवाज अडवून धरणारं दार) उघडायचा. सरांच्या हँडसेटला अँटेनाऐवजी डमी लोड (सिग्नल जिरवणारा), पॉवर कमी, स्थानक पृथ्वीच्या पलीकडे. पहिल्या चॅनेलवर सरांनी पीटीटी (बोलायचं बटण) दाबला, माझ्या हँडसेटचा हिरवा दिवा लागला, सरांचा आवाज आला. दुसऱ्या चॅनेलवर दिवा लागला, आवाज नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्या-पाचव्यावरही नाही.

दिवा लागतो म्हणजे सिग्नल येतोय, स्क्वेल्च उघडत नाही म्हणजे टोन नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ऐकण्याची एक आणि बोलण्याची दुसरीच फ्रिक्वेन्सी असलेला चॅनेल हातानेच भरायचा तर या हँडसेटची पद्धत जरा आडवळणाची आहे. व्हीएफओ मोडमध्ये (फ्रिक्वेन्सी थेट टाकायच्या) आधी ऐकण्याची फ्रिक्वेन्सी टाकायची, पाठवायचा टोन लावायचा, चॅनेल नंबर देऊन साठवायचं. मग बोलण्याची फ्रिक्वेन्सी टाकून त्याच नंबरावर पुन्हा साठवायचं. आधीचं काही त्या नंबरावर असेल तर ते पुसून घ्यायचं, नाहीतर दुसरी साठवण नीट बसत नाही. सरांनी पहिला चॅनेल या क्रमाने केला. पुढच्या चारांना आधी फ्रिक्वेन्सी भरल्या आणि नंतर मेमरी मोडमध्ये जाऊन एकेकाला टोन लावला. तिथे लावलेला बदल तात्पुरता. चॅनेल बदलून परत आलं की तो गेलेला असतो. लावला त्या वेळी पडद्यावर ‘सीटी’ दिसलं होतं, म्हणून सर म्हणत होते, “मी स्वतः पाहिलंय.” पाहिलं होतंच.

आता तुकडे जोडून पाहा. टोन फक्त पहिल्या चॅनेलला. पहिला चॅनेल फक्त पहिली दोन मिनिटं बारा सेकंद. आणि ती दोन मिनिटं स्थानक अजिंक्यताऱ्याच्या मागे. शिवाय सर शिस्तीचे. समोरचा ऐकू आल्याशिवाय कॉल द्यायचा नाही हा नियम ते कसोशीने पाळत. म्हणजे रिपीटर उघडू शकणारा एकमेव चॅनेल ते अशाच वेळी वापरत होते, जेव्हा त्यावर पीटीटी दाबण्याचं त्यांना कारण नव्हतं. यातली कुठलीही एक गोष्ट वेगळी असती, गच्ची मोकळ्या माळावर असती किंवा सर जरा उतावळे असते, तर कधीतरी एखादा कॉल लागून गेला असता आणि निदान सोपं झालं असतं. अर्थात मग बाकीच्या चार चॅनेलवर कॉल का लागत नाही म्हणून त्यांनी आणखी एक अँटेना बांधली असती.

पाचही चॅनेल पुसून नव्याने भरले, वाइडवर, टोन आधी लावून. मग प्रत्येक चॅनेल माझ्या हँडसेटवर तपासला, हँडसेट बंद करून चालू केला आणि पुन्हा तपासला. हे शेवटचं करायला कंटाळा येतो, पण तात्पुरता बदल पकडायचा तोच मार्ग.

त्या संध्याकाळच्या पासला ऐकणं सुधारल्याचं लगेच कळलं. डोंगराच्या कडेवरून स्थानक वर आल्यापासून मध्याला एक मिनिट उरेपर्यंत सर 437.810 वरच राहिले आणि सलग दोन मिनिटांहून जास्त स्वच्छ ऐकलं. कॉल मात्र लागला नाही. संध्याकाळी गर्दी असते, आणि एफएमचा स्वभाव असा की एकाच वेळी दोघे बोलले तर जो जोरात तोच ऐकू येतो, दुसरा पुरता दबतो. गच्चीवरच्या मोठ्या अँटेना आणि पन्नास वॅटच्या सेटांपुढे पाच वॅटने दोन कॉलच्या फटीतच घुसावं लागतं. सरांना मी पहाटेचे पास घ्यायला सांगितलं.

पहाटेच्या एका पासला केरळातल्या एका स्टेशनने त्यांची कॉलसाइन परत उच्चारली आणि ग्रिड (आपण नकाशाच्या कोणत्या चौकोनात आहोत) विचारली. इथे साताऱ्याची एक गंमत आहे. 74 अंश पूर्व ही रेखांशाची रेषा शहराला चाटून जाते, त्यामुळे एका बाजूचे लोक एमके67 मध्ये आणि दुसऱ्या बाजूचे एमके77 मध्ये. सरांनी ते आधीच नकाशावर मोजून ठेवलं होतं आणि अक्षरंही फोनेटिकमध्ये पाठ केली होती. रेकॉर्डिंगमध्ये ‘माइक किलो’ इतकं ठासून येतं की वर्ग भरल्यासारखं वाटतं. फोन आला तेव्हा मी झोपेत होतो.

एक गोष्ट अजून सुटायची आहे. हा हँडसेट बोलताना ऐकू शकत नाही, त्यामुळे आपला आवाज खाली परत येतोय का हे त्या क्षणी कळत नाही. ते कळलं असतं तर हे प्रकरण कधीच मिटलं असतं. म्हणून सरांनी लॅपटॉपला एक एसडीआर डोंगल (संगणकावर चालणारा छोटा रिसीव्हर) लावला. त्याच्या वॉटरफॉलवर (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर) डाउनलिंकचा, म्हणजे खाली येणाऱ्या सिग्नलचा, इंग्रजी एसच्या आकाराचा वळसा छान दिसतो: वर लांब सरळ दांडा, मध्ये झपकन उतार, खाली पुन्हा सरळ दांडा. समान वाटणी का चालत नाही हे ज्याला गणितातून पटत नसेल त्याने हे चित्र पाहावं. पण सरांनी पीटीटी दाबला की वॉटरफॉल पांढरा पडतो. 145.990 ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर उमटणारा नको असलेला सिग्नल) 437.970 वर येते, डाउनलिंकपासून अवघी 170 किलोहर्ट्झ, आणि शेजारच्या पाच वॅटनी डोंगलचा पुढचा भाग दबतो तो वेगळाच. डोंगल आणि त्याची छोटी अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली तेव्हा पांढरेपणा गेला आणि 437.970 वर एक सरळ, न सरकणारी रेघ उरली, ती हार्मोनिक. न सरकणारी, म्हणून ती आकाशातून येत नाही हे उघड आहे. तिच्यासाठी दोन मीटरच्या बाजूला लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आणि डोंगलच्या तोंडाशी हाय-पास (खालच्या अडवणारा), असं ठरलंय. कॉइल गुंडाळायचं काम सरांकडे.